यू-बूट: ३२-बिट आर्मवर चालणारा ड्रायव्हर ६४-बिटवर कंपाइल होत नाही

प्रश्न
यू-बूट (बोर्ड सुरू करणारा बूटलोडर) मधला इथरनेटचा ड्रायव्हर ३२-बिट कॉर्टेक्स-ए९ च्या बोर्डवर व्यवस्थित चालतो. तोच ६४-बिट ए५३ साठी बिल्ड केला की प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सुरू करणारा भाग) 'कास्ट टू पॉइंटर फ्रॉम इंटिजर ऑफ डिफरंट साइझ' येतं. बिल्डमॅनला (यू-बूट बिल्ड करणारं टूल) -ई दिलंय, म्हणून वॉर्निंगवरच बिल्ड अडतं. टूलचेनचा प्रीफिक्स बरोबर आहे, एमआरप्रॉपरही (जुन्या बिल्डची पूर्ण सफाई) करून झालं. डेव्ह_रीड_अॅडर ने दिलेला पत्ता यू३२ (३२-बिट पूर्णांक) मध्ये ठेवून पुढे रजिस्टरांच्या स्ट्रक्टच्या पॉइंटरमध्ये कास्ट केलाय. वॉर्निंग बंद करून टाकली तर?

प्रतिसाद १
बंद करू नका, कंपायलर खरं बोलतोय. ए९ वर यू३२ आणि पॉइंटर दोन्ही ४ बाइटचे, म्हणून तिथे तक्रार नव्हती. इथे पॉइंटर ८ बाइटचा. रजिस्टरं ४ जीबीच्या वर असली तर पत्त्याचे वरचे ३२ बिट गळतात आणि पहिल्याच रीडला 'सिंक्रोनस अबॉर्ट' दिसू शकतो.

प्रायव्हेट स्ट्रक्टमध्ये यू३२ ऐवजी थेट पॉइंटर ठेवा, डेव्ह_रीड_अॅडर_पीटीआर वापरा, कास्ट काढा. एक मात्र विसरू नका: हे फंक्शन पत्ता न मिळाल्यास नल देतं. एफडीटी_अॅडर_टी_नन ('पत्ता नाही' असं सांगणारी किंमत) शी केलेली जुनी तुलना तशीच राहिली, तर नल पत्ता घेऊन प्रोब पुढे जाईल.

प्रतिसाद २
यानंतर डीएमए डिस्क्रिप्टरमध्ये (बफर कुठे आहे हे कंट्रोलरला सांगणारी नोंद) अडकाल. बफरचा पॉइंटर यू३२ मध्ये कोंबलेला असणार. मध्ये यूइंटपीटीआर_टी (पॉइंटर मावेल असा पूर्णांक) घातलं की वॉर्निंग जाते, चूक जात नाही. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतो आणि मॅलॉकची (मेमरी वाटपाची) जागा त्याच्याच खाली असते. ती ४ जीबीच्या पलीकडे गेली की कंट्रोलर भलत्याच ठिकाणी लिहितो. कंट्रोलर ६४-बिट पत्ता घेत असेल तर लोअर_३२_बिट्स आणि अप्पर_३२_बिट्स असे दोन भाग भरा. नसेल घेत, तर बोर्डच्या फाइलमध्ये बोर्ड_गेट_यूजेबल_रॅम_टॉप ने वरची हद्द ४ जीबीला बांधा.

कॅशही बघा. ए९ ची कॅश लाइन (कॅश एका वेळी हाताळते तो तुकडा) ३२ बाइटची, ए५३ ची ६४. डिस्क्रिप्टर हाताने ३२ ला पॅड केले असतील तर आता एका लाइनमध्ये दोन बसतात. एक फ्लश केला (कॅशमधून रॅममध्ये लिहिला) की शेजारच्यात हार्डवेअरने लिहिलेलं स्टेटस जुन्या मजकुराखाली पुसलं जाऊ शकतं. पॅकेट मधूनच हरवतात आणि कारण सापडत नाही. पॅडिंगला ३२ ऐवजी आर्च_डीएमए_मिनअलाइन वापरा.

प्रश्नकर्ता
पॉइंटरचं जमलं, डिस्क्रिप्टर ३२ ला पॅड केलेलेच निघाले. आता डीबगच्या ओळीत '%एक्स' वर वॉर्निंग आहे.

प्रतिसाद १
पॉइंटर असेल तर '%पी'. फिज_अॅडर_टी (फिजिकल पत्त्याचा टाइप) असेल तर '%पीए', आणि त्याला किंमत नाही, व्हेरिएबलचा पत्ता द्यायचा. इथेच बहुतेकांची गफलत होते. मग ए९ चा बिल्ड पुन्हा चालवा. हाच ड्रायव्हर मिप्सवर (आर्महून वेगळं प्रोसेसर घराणं) न्यायचा असेल तर डेव्ह_रीमॅप_अॅडर घ्या, तिथे फिजिकल पत्ता थेट वापरता येत नाही.