मदत हवी आहे: प्रवासासाठी खिशात मावणारा कॅमेरा

पुढच्या महिन्यात दहा दिवस फिरायला जातोय. मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायचा आता कंटाळा आलाय. फोन आहेच, पण झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी झूम केला की नुसता डाग दिसतो.

दोन मॉडेलांवर गाडी अडलीय. कॅनन जी७ एक्स मार्क ३ ची लेन्स एफ/१.८ पासून (हा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो), म्हणजे संध्याकाळी बरी. पण झूम १०० मिमीलाच संपतो, व्ह्यूफाइंडरही (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. सोनी आरएक्स१०० मार्क ७ मध्ये २०० मिमी आणि व्ह्यूफाइंडर, मात्र लेन्स एफ/२.८ पासून. सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, दोन्हींत १ इंचीच. भर उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं, म्हणून मन सोनीकडे झुकतंय.

कोणी वापरलाय का? कमी उजेडात फोटो फार दाणेदार येतात का? आणि बॅटरी दिवसभर पुरते, की जोडीला दुसरी घ्यावीच लागते?