मदत हवी आहे: सरपंचाविरुद्धचा अपात्रतेचा अर्ज फेटाळला, अपिलाचे १५ दिवस कधीपासून धरायचे?

गावाचं नाव देत नाही, उद्या पारावर चर्चा नको.

सरपंचांच्या सख्ख्या भावाला वित्त आयोगाच्या निधीतलं पेव्हर ब्लॉकचं काम मिळालं. ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा आडून हिस्सा असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली सदस्य अपात्र ठरतो, म्हणून मी कलम १६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. निकाल 'शक्यतो' ६० दिवसांत द्यायचा असतो. त्या शक्यतोने चौदा महिने खाल्ले.

आता अर्ज फेटाळला. कारण काय, तर भाऊ विभक्त आहे, नुसत्या नात्यावरून हितसंबंध सिद्ध होत नाही. पुरावा म्हणून भावाची वेगळी शिधापत्रिका. कोरी करकरीत! तारीख पाहिली तर माझ्या अर्जाची नोटीस निघाल्यानंतरची. हे मी लेखी दिलं होतं, आदेशात त्यावर अवाक्षर नाही. घर एकच आहे, नमुना ८ ला (ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) एकच नाव, सातबारा सामाईक.

अडचण अशी: आदेशावर ३ तारीख आहे. मला कळलं १४ला, तेही वकिलांच्या कारकुनाने दुसऱ्याच कामासाठी फोन केला म्हणून. १५ला आदेशाच्या नकलेसाठी अर्ज, १७ला नक्कल हातात. आज १९. तीनपासून मोजलं तर मुदत कालच संपली. नकलेचे दिवस वगळतात का?

जुना_ग्रामसेवक:
मोजत बसू नका, उद्याच दाखल करा. कायद्यात अपील शासनाकडे लिहिलंय, पण चालतं विभागीय आयुक्तालयात. नकलेच्या मागे शिक्का असतो: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. त्यावर बोट ठेवून दिवस वगळायला सांगा, आणि तरीही विलंब माफीचा अर्ज सोबत लावाच. माफ करतीलच असं धरून चालू नका.

शिधापत्रिकेच्या मागे फार लागू नका. कामाला मंजुरी कुठल्या सभेत दिली, सूचक-अनुमोदक कोण, तेव्हा खुर्चीत कोण होतं? त्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, आहे का?

धागाकर्ता:
आहे. अध्यक्षस्थानी तेच. पण वकील म्हणाले गरज नाही, म्हणून तेव्हा जोडलंच नाही. आता घेतील का?

जुना_ग्रामसेवक:
वकिलांना काय म्हणावं! परवानगीचा अर्ज करून यादीसह द्या, घेणं न घेणं सुनावणी घेणाऱ्यावर. शिवाय कलम ३९ वेगळं आहे. तिथे गैरवर्तनाची तक्रार होते, चौकशी जिल्हा परिषदेचे सीईओ करतात, निर्णय आयुक्त देतात. हिस्सा होता की नाही यावरच तिथे सगळं अडत नाही. भावाचं काम मंजूर होताना सरपंच खुर्चीवरून उठले नाहीत, हे तिथे मांडता येईल.

धागाकर्ता:
आभारी आहे काका. पहाटेच्या एसटीने निघतो. कोर्ट फी स्टॅम्प किती रुपयांचा लावायचा, तेवढं कोणी सांगाल का?