भुवया आणि ओठांचा परमनंट मेकअप करतेय, आधी काय तयारी करू? आणि बरं व्हायला नक्की किती दिवस?

चांदणवेल:
नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने नुसतं मनात होतं, आता ठरवलंच. ३ आठवड्यांनी अपॉइंटमेंट आहे, भुवयांचं मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्याने कातडीत केसांसारख्या रेघा काढून रंग भरतात ते) आणि जमलं तर त्याच दिवशी ओठांचं लिप ब्लशपण (सुईने ओठांत हलका रंग भरतात ते). माझ्या भुवया टोकाकडे जवळजवळ नाहीतच, रोज सकाळी पेन्सिलने काढायच्या आणि दुपारपर्यंत घामाने एक बाजू पुसलेली, खरंच कंटाळा आलाय. करणाऱ्या ताईंनी मला एवढंच सांगितलं की आदल्या दिवशी दारू नको. पण मी रात्री रेटिनॉलची क्रीम लावते, ती चालेल का? आणि ताप येऊन गेला की माझ्या ओठाच्या कडेला बारीक पाण्याचे फोड येतात, त्याचा काही संबंध येतो का? कुणी केलं असेल तर प्लीज सगळं खरं खरं सांगा, दुखतं ते पण.

निळाई:
मी भुवया केल्यात, दीड वर्ष झालं. दुखण्याचं म्हणशील तर सुन्न करायची क्रीम लावतात, त्यामुळे दुखण्यापेक्षा खरवडल्यासारखं वाटतं आणि तो चर्र चर्र आवाज अगदी कपाळात ऐकू येतो, त्याचीच जास्त भीती वाटते. पण खरी परीक्षा नंतर असते गं. पहिले ३-४ दिवस भुवया इतक्या गडद दिसतात की आरशात बघून मला रडू आलं होतं, वाटलं हे काय करून घेतलं मी! मग पाचव्या-सहाव्या दिवशी बारीक खपल्या सुटायला लागल्या आणि खाज, अशी खाज की झोपेत हात जायचा. आणि तिथेच माझी चूक झाली. डाव्या भुवईची एक खपली अर्धी सुटून लोंबत होती, मी ती नखाने हळूच ओढली, जरासं रक्त आलं आणि खपलीबरोबर तिथला रंगपण गेला. टचअपपर्यंत (नंतर राहिलेल्या जागी रंग पुन्हा भरतात ते) तांदळाएवढी पांढरी फट तशीच राहिली. म्हणून हात जोडून सांगते, काहीही झालं तरी खपली ओढू नकोस, ती तिच्या वेळेने पडू दे. खाज फारच आली तर स्वच्छ बोटाच्या पेराने बाजूच्या कातडीवर हलकं थोपटायचं, बस.

सुईदोरा:
मी हेच काम करते म्हणून सविस्तर लिहिते. आधी तुझ्या फोडांबद्दल, कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. ते फोड हर्पीसच्या व्हायरसचे असण्याची शक्यता खूप आहे, तो व्हायरस आत झोपून असतो आणि ओठांवर सुई चालली की जागा होतो. मग सगळ्या ओठावर फोड उठू शकतात, त्रास होतो तो होतोच आणि रंगही धड बसत नाही. आधी डॉक्टरकडे जा, ते ओठ करण्याच्या आधीपासून व्हायरसविरोधी गोळ्या सुरू करून देतात, आणि ही गोष्ट करणाऱ्या ताईंना आत्ताच सांग. त्या दिवशी फोड आलेला असेल तर ओठ करायचेच नाहीत, तारीख पुढे ढकलायची.

रेटिनॉल निदान २ आठवडे आधी बंद कर, आम्लाची सिरम, पीलिंग वगैरेपण भुवयांच्या आसपास नको, कारण कातडी पातळ आणि नाजूक झालेली असते, रक्त जास्त येतं आणि रंग बाहेर फेकला जातो. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या थांबल्यावर ६ महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. आदल्या दिवसापासून दारू नको आणि त्या दिवशी कॉफीही नको. मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नकोस, पण डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी लावून दिली असेल तर ती मात्र स्वतःहून अजिबात बंद करायची नाही, आधी त्यांना विचारायचं. डायबेटिस, जखमेचा वण फुगून वाढण्याची सवय (केलॉइड), गरोदरपण, बाळ अंगावर पीत असणं, यातलं काहीही लपवू नये. आणि रंगाची पॅच टेस्ट (थोडासा रंग कातडीवर लावून ॲलर्जी येते का ते बघणं) आधी मागून घे.

अजून एक, सुईचं पाकीट तुझ्या डोळ्यांसमोर फोडायला सांग. संकोच करू नकोस. वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस होऊ शकतो. नीट काम करणाऱ्या कुणालाही या मागणीचा राग येत नाही, आला तर तिथून उठून ये.

चांदणवेल:
बापरे, फोडांचं बरं झालं विचारलं, त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं! आता फोन करून ओठ पुढे ढकलते, डॉक्टरकडे पण जाते. निळाई, तुझ्या खपल्या पडल्यावर रंग कसा दिसला?

निळाई:
गेलाच म्हण ना! दुसऱ्या आठवड्यात भुवया इतक्या फिक्या झाल्या की पैसे बुडाले असंच वाटलं. पण महिनाभरात रंग हळूहळू वर आला.

सुईदोरा:
हो, या वेळी सगळ्यांचे फोन येतात मला. खपलीखाली जी नवी कातडी येते ती सुरुवातीला धुरकट असते, तिच्याआड रंग झाकला जातो, ती निवळायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून टचअप ६ ते ८ आठवड्यांनी ठेवतात, त्याआधी कुणी "लगेच परत करून देते" म्हणालं तरी करू नकोस, कातडी बरी झालेली नसते.

पहिल्या दिवशी पाण्यासारखा स्राव येतो, तो स्वच्छ ओल्या कापसाने टिपत राहायचं, नाहीतर तोच वाळून जाड खपली धरते. मलम दिलं असेल तर अगदी पातळ, थापायचं नाही. साधारण १० ते १४ दिवस पोहणं, वाफ, घाम निघेल असा व्यायाम, भुवयांवर मेकअप, सगळं बंद. उशीचा अभ्रा धुतलेला घे. ओठांच्या खपल्या लवकर पडतात, ३-५ दिवसांत, तोवर गरम-तिखट जपून. पूर्ण बरं झाल्यावर रोज सनस्क्रीन, उन्हाने रंग फार लवकर उडतो.

गवतफूल:
मी आयलायनर केलंय म्हणून एक भर. डोळ्यांचं करणार असाल तर कॉन्टॅक्ट लेन्स काढून जायचं आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत चष्माच वापरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पापण्या भरपूर सुजल्या होत्या, उशी उंच घेऊन झोपल्यावर उतरल्या. आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथे सांगून ठेवा, काही रंगांत लोहाचे कण असतात, क्वचित तिथे गरम लागतं किंवा जरा सूज येते. त्यासाठी तपासणी टाळायची मात्र नाही हं.

चांदणवेल:
आत्ताच बोलले त्यांच्याशी. ओठ पुढे ढकलले, पॅच टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे, रेटिनॉल आज रात्रीपासून बंद. शेवटचं एक, लालसरपणा किती दिवस नॉर्मल धरायचा आणि डॉक्टरकडे कधी पळायचं?

सुईदोरा:
२-३ दिवस लाली आणि हलकी सूज असतेच, पण ती रोज कमी होत जायला हवी. तिसऱ्या दिवसानंतर उलट वाढायला लागली, पू आला, ठणका लागला, ताप आला किंवा लाली बाजूला पसरायला लागली तर मला किंवा कुणालाही फोटो पाठवत बसू नकोस, त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. पॅच टेस्टच्या जागी खाज किंवा पुरळ आलं तर इथे लिही, मग पुढचं बघू.