सीडी रिप करणारा घरचा म्युझिक सर्व्हर: शेवटची गाणी अडकतात, अल्बमचे तुकडे होतात

तबकडीवेडा

मंडळी जरा मदत हवीये. घरातल्या सगळ्या ऑडिओ सीड्या एकदाच्या रिप करून (म्हणजे गाणी फाइलींत उतरवून) टाकाव्यात म्हणून जुन्या मिनी पीसीवर लिनक्स चढवलंय, त्याला यूएसबीचा स्लिम सीडी ड्राइव्ह आणि पोर्टेबल हार्ड डिस्क. सीडी आत सरकवली की एबीसीडीई हे रिप करणारं सॉफ्टवेअर आपोआप सुरू होतं, फ्लॅक (दर्जा न घटवणाऱ्या) फाइली बनवतं, त्या हार्ड डिस्कवर जातात आणि तिथून नॅव्हिड्रोम हे म्युझिक सर्व्हरचं सॉफ्टवेअर त्या मोबाइलवर नि हॉलमधल्या अ‍ॅम्पवर वाजवतं. मॉनिटर वगैरे काही जोडलेला नाही, कपाटात पडून असतो बिचारा.

आता रडगाणं. सुरुवातीची गाणी सपासप रिप होतात आणि मग शेवटच्या तीन-चार गाण्यांना ड्राइव्ह घर्र घर्र करत अडकतो. कधी तासभर तिथेच, कधी गाणं पूर्ण होतं पण मधे चटचट आवाज, आणि कधी तर ड्राइव्हच गायब, काढून परत लावला की मगच दिसतो. वैताग म्हणजे त्याच सीड्या जुन्या सीडी प्लेयरमध्ये मस्त वाजतात, आणि चटचट येणाऱ्या फ्लॅक फाइलवर टेस्ट कमांड चालवली तर ती पण ओके म्हणते!!

शिवाय वेगवेगळ्या गायकांच्या गाण्यांची एक सीडी असेल तर सर्व्हरवर तिचे एकेका गाण्याचे दहा-बारा अल्बम होतात, आणि काही गाणी तर लायब्ररीत येतच नाहीत. काही सीड्या नुसत्या 'अननोन आर्टिस्ट'. ड्राइव्ह फेकून नवा घेऊ का सगळा सेटअपच बदलू?

खरखरशोधक

फेकू नका एवढ्यात. हे एक दुखणं नाहीये, वेगवेगळी दुखणी एकत्र आलीत. सीडी वाचणं वेगळं, फाइल ठेवणं वेगळं आणि सर्व्हरने ती दाखवणं वेगळं. नॅव्हिड्रोमचा आणि चटचट आवाजाचा काडीचा संबंध नाही, तिकडे सेटिंग उलटसुलट करत बसू नका.

आधी वाचण्याचं बघू. 'प्लेयरमध्ये नीट वाजते' याच्यावर फार जाऊ नका. प्लेयरला एखादा नमुना (आवाजाचं एकेक मोजमाप) वाचता नाही आला तर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरून मोकळा होतो, आपल्या कानाला कळत पण नाही. ऑडिओ सीडीत सेकंदाला ७५ सेक्टर (ठरावीक आकाराचे तुकडे) असतात, प्रत्येकात २३५२ बाइट, आणि ते सगळेच्या सगळे बाइट आवाजाचेच. डेटा सीडीत तेवढ्याच जागेत २०४८ बाइट डेटा ठेवून उरलेल्या जागेत चुका पकडायची आणि दुरुस्त करायची जास्तीची सोय केलेली असते, ती ऑडिओत नाही. म्हणून तोच ड्राइव्ह डेटा सीडी बिनचूक कॉपी करेल आणि गाण्यांच्या सीडीला गडबडेल, यात नवल काही नाही.

आता शेवटचीच गाणी का, तर सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी बाहेरच्या कडेला. बोटांचे ठसे तिथेच, पाकिटातून काढघाल करताना ओरखडेही तिथेच. वर हे स्लिम ड्राइव्ह साधारण एकाच गतीने फिरतात, त्यामुळे २४एक्स (म्हणजे गाणं वाजण्याच्या २४ पट वेग) लिहिलेला ड्राइव्ह आतल्या बाजूला जेमतेम १०एक्सने वाचतो आणि पूर्ण २४ गाठतो तो कडेला. म्हणजे चकती जिथे सगळ्यात खराब तिथेच याची घाई सगळ्यात जास्त.

तर सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल अजिबात नाही, कारण गोल ओरखडा पडला तर तो डेटाच्या रेघेबरोबर लांबवर जातो आणि आडवा ओरखडा पटकन ओलांडता येतो. आणि सीडीपॅरानोइयाला (एबीसीडीई सीडी वाचायला जो प्रोग्रॅम वापरतं त्याला) स्पीड ४ द्या. काही ड्राइव्ह ऐकत नाहीत हा भाग वेगळा.

अजून एक, ते रिप होताना एकदा मॉनिटर लावून किंवा एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून) बघाच. सीडीपॅरानोइया प्रोग्रेसच्या पट्टीत हसरे-रडके चेहरे दाखवतं (कुणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही पण मला जाम आवडतं). त्या पट्टीत इंग्रजी 'व्ही' अक्षर दिसलं की समजा तिथे दुरुस्त न झालेली चूक राहिलीये. कपाटातल्या डब्यात हे कुणाला दिसणार?

व्होल्टेजवाली

खरखरशोधक यांचं सगळं बरोबर पण ड्राइव्ह गायब होतो त्याला ओरखडे कारण नाहीत हो, ते करंटचं काम आहे. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. स्लिम ड्राइव्हला मोटर पळवताना बरेचदा १ अँपिअरच्या आसपास लागतं आणि खराब जागी तो सारखा हळू-जोरात हळू-जोरात करतो तेव्हा तर जास्तच ओढतो. त्यात पोर्टेबल हार्ड डिस्क पण त्याच हबवर लटकवली असेल तर झालंच. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग काढा, ड्राइव्ह गेला त्या वेळेला 'यूएसबी डिसकनेक्ट' किंवा 'रिसेट' दिसतंय का बघा. दिसलं तर सॉफ्टवेअरकडे बघायचंसुद्धा नाही, आधी हब बदला. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब हवा.

आणि ताबडतोब बघायची गोष्ट, हार्ड डिस्क पण त्याच हबवर असेल तर तिचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतः ठेवते ती तब्येतीची नोंद) काढा, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या संशयित जागा) शून्य आहेत ना ते बघा. लिहिता लिहिता करंट तुटणं डिस्कला मानवत नाही.

तबकडीवेडा

ताई पकडलंत! लॉगमध्ये डिसकनेक्टच डिसकनेक्ट. दोन्ही एकाच बिनअ‍ॅडॉप्टरच्या हबवर होते. आता ड्राइव्ह थेट पीसीच्या मागच्या पोर्टला आणि हार्ड डिस्क अ‍ॅडॉप्टरवाल्या हबवर, गायब व्हायचं बंद झालं. पेंडिंग सेक्टर शून्य आहेत. स्पीड ४ केल्यावर वेळ भरपूर लागतो पण बहुतेक सीड्या शेवटपर्यंत जातायत. एक सीडी मात्र ११व्या गाण्याला अजून चटचट करते, पुसून झाली, काही फरक नाही. आणि ते फ्लॅक टेस्ट ओके कसं म्हणते ते कुणी सांगा ना, डोकं फिरलंय.

शून्यएक

ते सोपंय. फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ (आवाजावरून काढलेला ओळखीचा आकडा) लिहून ठेवलेला असतो आणि टेस्ट फक्त एवढंच बघते की उलगडल्यावर तोच आवाज निघतो का. पण एन्कोडरच्या हातात जे आलं तेच 'मूळ'. ड्राइव्हने चटचट दिली तर ती चटचट एकही बिट न गमावता जपली जाते, लॉसलेस आहे ना शेवटी 😄 फाइल नंतर डिस्कवर सडली तर टेस्ट पकडेल, रिप करतानाची चूक तिला दिसणारच नाही.

त्यासाठी अ‍ॅक्युरेटरिप. जगभरच्या लोकांनी त्याच सीडीचे रिप करून चेकसम (तसलेच ओळखीचे आकडे) दिलेले असतात त्यांच्याशी तुमचा ताडून बघायचा. वेगवेगळ्या ड्राइव्हवर निघालेला आकडा तुमच्याशी जुळला तर रिप बरोबर, विषय संपला, कान लावून ऐकायची गरज नाही. लिनक्सवर व्हिपर हे करतं, विंडोजवर ईएसी, मॅकवर एक्सएलडी. मी तर म्हणेन एबीसीडीई सोडाच आणि व्हिपरवर या.

फक्त आधी ड्राइव्हचा रीड ऑफसेट सेट करावा लागतो. प्रत्येक मॉडेल थोडं पुढे किंवा मागे वाचायला सुरुवात करतं, +६, +६६७ असले आकडे असतात, यादीत मिळतो नाहीतर व्हिपर स्वतः शोधून देतं. सेकंदाला ४४१०० नमुने असताना ६ नमुने इकडे तिकडे झाले तर कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही, पण ऑफसेट नसेल तर चेकसम एकही जुळत नाही आणि माणूस उगाच घाबरतो.

११व्या गाण्याचं: सीडी लेबलची बाजू आपल्याकडे करून दिव्यासमोर धरा. खालच्या बाजूला १.२ मिमी प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा पॉलिश होतो. चमकणारा थर मात्र लेबलच्या लगेच खाली असतो, वर नुसता लॅकरचा पापुद्रा. तिथे टाचणीएवढी भोकं दिसून उजेड आरपार आला तर त्या जागचा डेटा गेला, पुसून येणार नाही. भोकं नसतील तर दुसऱ्या कुठल्या तरी ड्राइव्हमध्ये घालून बघा, जुने डेस्कटॉपचे अर्ध्या उंचीचे ड्राइव्ह या कामाला अजून भारी पडतात.

टॅगमास्तर

लायब्ररीचं कुणी बोलतच नाहीये, मग मी बोलतो.

गाण्यांची नावं सीडीत नसतात. सीडी टेक्स्ट म्हणून प्रकार आहे पण क्वचित सापडतो. सॉफ्टवेअर काय करतं, प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो त्या यादीवरून एक आयडी काढतं आणि ऑनलाइन विचारतं. तुमची एबीसीडीईची कॉन्फिग फाइल जुनी असेल तर ती अजून फ्रीडीबी या नावांच्या ऑनलाइन डेटाबेसला विचारत असेल, आणि ते २०२० मध्येच बंद झालंय, म्हणून 'अननोन'. तिथे म्युझिकब्रेन्झ हा दुसरा डेटाबेस करा.

एका सीडीचे बारा अल्बम: 'अल्बम आर्टिस्ट' टॅग (फाइलीच्या आतच लिहिलेली माहिती) रिकामा असेल नाहीतर प्रत्येक गाण्यात वेगळा असेल. 'आर्टिस्ट'मध्ये ज्याचा त्याचा गायक राहू द्या, 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये सगळीकडे अगदी एकसारखं 'विविध कलाकार' टाका. एकसारखं म्हणजे मागे एक स्पेस जास्त नको. तारीख पण सगळ्या ट्रॅकना एकच. पिकार्ड या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी गाणी सिलेक्ट करून एका फटक्यात होतं, मग नॅव्हिड्रोममध्ये फुल स्कॅन.

गाणी न येण्याबद्दल एक विचारू, फाइलींची नावं तुम्ही देवनागरीत देता का आणि लांबलचक देता का?

तबकडीवेडा

हो! गाणं, गायक, गीतकार, संगीतकार सगळं नावातच घालतो, शोधायला बरं पडतं म्हणून. याचा काय संबंध??

टॅगमास्तर

तोच तर संबंध. ईएक्सटी४ वर (लिनक्समध्ये डिस्क सहसा याच पद्धतीने फॉर्मॅट करतात) फाइलीचं नाव २५५ बाइटच्या वर जात नाही. इंग्रजी अक्षर १ बाइट, देवनागरी ३. आणि अक्षर म्हणजे आपण मोजतो तसं नव्हे, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे स्वतंत्र. 'क्षि' घ्या, क, हलन्त, ष, वेलांटी, झाले १२ बाइट एका 'क्षि'चे. म्हणजे सगळं धरून ८५ चिन्हांत नाव संपवायचं, त्यात ट्रॅक नंबर आणि डॉट फ्लॅक पण आलं. नाव त्यापुढे गेलं की फाइल हलवताना 'फाइल नेम टू लाँग' येऊन गाणं टेंपररी फोल्डरमध्येच राहतं. बघा तिथे पडलेली असतील.

नावात नुसता नंबर आणि गाणं ठेवा, गीतकार संगीतकार टॅगमध्ये घाला, फ्लॅकच्या टॅगला असली मर्यादा नाही आणि सर्च तिथूनच होतो.

व्होल्टेजवाली

तिथे नसतील तर परमिशन पण बघा. सीडी घातल्यावर आपोआप चालणारी स्क्रिप्ट बरेचदा रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून चालते, मग फाइली रूटच्या मालकीच्या आणि सर्व्हरच्या यूजरला वाचता येत नाहीत. आणि पुढे कधी गाणी नेटवर्क शेअरवर हलवलीत तर नवीन फाइल आल्याची खबर आपोआप मिळत नाही, ठरलेल्या वेळेला स्कॅन लावून ठेवायचा.

तबकडीवेडा

टेंपररी फोल्डर उघडला, सगळी हरवलेली मंडळी तिथे बसलीत 😂 नावं छोटी केली, आली लायब्ररीत. अल्बमही एक झाले. व्हिपर टाकलं, ऑफसेट त्याने शोधला, जवळपास सगळ्या सीड्या अ‍ॅक्युरेटरिपशी जुळतायत.

११वं गाणं: लेबलकडून भोक नाहीये पण खालून एक खोल चरा आहे. मित्राच्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये बरंच सुधारलं, पण एका जागी टक् होतंच आणि चेकसम जुळत नाही. आता?

शून्यएक

एवढंच राहिलं असेल तर क्यूटूल्स करून बघा, विंडोजचं आहे. त्याच्या डेटाबेसमध्ये नुसता चेकसम नाही, बऱ्याच सीड्यांचा दुरुस्तीचा डेटाही ठेवलेला असतो, त्यावरून थोडे बिघडलेले नमुने परत गणित करून काढता येतात. पण पूर्ण सीडीचा रिप द्यावा लागतो, एकटं ११वं देऊन चालणार नाही, आणि टक् जितकं छोटं तितका चान्स जास्त, म्हणून डेस्कटॉपच्या ड्राइव्हवरचाच रिप घ्या. 'रिपेअर' चालवून झालं की अ‍ॅक्युरेटरिपला परत ताडा. नाहीच जमलं तर चरा खालच्याच बाजूला आहे, पॉलिश करून पुन्हा रिप करा.

खरखरशोधक

पॉलिश करायच्या आधी आत्ताचा रिप नीट बाजूला ठेवा हां, हाताने पॉलिश करताना बाकीची धड गाणीपण जातात कधीकधी.