फास्ट ब्रीडर संशोधनात देश एकमेकांना नेमके काय देतात?

मृगशीर्ष
नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न येथे मांडते आहे. कल्पक्कमची ५०० मेगावॉटची प्रोटोटाइप फास्ट ब्रीडर अणुभट्टी (वेगवान न्यूट्रॉन वापरून, खर्च होते त्याहून अधिक इंधन तयार करणारी) आपण आंतरराष्ट्रीय तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवली आहे आणि 'जनरेशन फोर इंटरनॅशनल फोरम' या, नव्या पिढीच्या अणुभट्ट्यांवर एकत्र संशोधन करणाऱ्या देशांच्या गटाचाही भारत सदस्य नाही. असे असताना या क्षेत्रातील 'आंतरराष्ट्रीय सहकार्या'त आपण सहभागी आहोत असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ काय घ्यायचा? ज्या तंत्रज्ञानात प्लुटोनियम, म्हणजे अण्वस्त्रातही वापरता येणारे द्रव्य, मध्यवर्ती आहे, त्यात देश एकमेकांना खरोखर काही देतात, की परिषदांमध्ये भाषणे होतात आणि मंडळी घरी परततात?

सोडियम११
देतात, पण सगळे देत नाहीत. आणि काय दिले जाते, काय राखून ठेवले जाते यातच आपल्या विद्यार्थ्याचे उत्तर आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमेरिकेतील आयडाहो येथे ईबीआर-२ नावाची, द्रवरूप सोडियमने थंड होणारी छोटी फास्ट ब्रीडर अणुभट्टी होती. ३ एप्रिल १९८६ रोजी, म्हणजे चेर्नोबिलच्या अपघाताआधी जेमतेम तीन आठवडे, ती पूर्ण क्षमतेने चालू असताना सोडियम फिरवणारे पंप मुद्दाम बंद करण्यात आले आणि नियंत्रक कांड्या (न्यूट्रॉन शोषून अणुभट्टी थांबवणाऱ्या) आपोआप आत पडू नयेत अशीही व्यवस्था करण्यात आली. सोडियम तापले, गाभा किंचित प्रसरण पावला, त्यामुळे अधिक न्यूट्रॉन बाहेर निसटू लागले आणि कोणी हात न लावता अणुभट्टीची शक्ती घसरली. उरलेली उष्णता सोडियमच्या नैसर्गिक अभिसरणाने वाहून नेली. त्याच दिवशी दुपारी उष्णता बाहेर नेण्याचा मार्ग बंद करून दुसरी चाचणी झाली, आणि तीही तशीच पार पडली.

या चाचणीची मोजमापे पुढे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एका समन्वित संशोधन प्रकल्पात (२०१२ ते २०१६) अनेक देशांतील संस्थांना उपलब्ध झाली. पद्धत अशी होती की आधी फक्त अणुभट्टीची रचना आणि चाचणीच्या सुरुवातीची स्थिती द्यायची, प्रत्येकाने आपापल्या संगणकीय प्रणालीने तापमान कसे बदलेल याचे गणित मांडायचे, आणि ती उत्तरे जमा झाल्यावरच खरी मोजमापे उघड करायची. कल्पक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र त्यात सहभागी होते. आपल्या प्रणालीचे उत्तर कुठे आणि किती चुकते हे अशा परीक्षेशिवाय कळत नाही, आणि अशी परीक्षा घेण्यासाठी दुसरी अणुभट्टी बांधणे कोणालाच परवडणारे नाही. धातुरूप इंधनाकडे जाऊ पाहणाऱ्या भारताला ही माहिती विशेष उपयोगाची आहे, कारण ईबीआर-२ मध्ये तेच इंधन होते.

फ्रान्सने २००९ मध्ये फिनिक्स ही आपली फास्ट ब्रीडर अणुभट्टी कायमची बंद करण्यापूर्वी तिच्यावर अखेरच्या चाचण्या घेतल्या आणि त्यांतील काहींची मोजमापे याच पद्धतीने खुली केली. याच फिनिक्समध्ये १९८९-९० च्या सुमारास काही वेळा प्रतिक्रियाशीलता (साखळी प्रक्रिया वाढते की मंदावते याचे माप) क्षणार्धात एकदम घसरून ती आपोआप बंद पडली होती. गाभ्यातील इंधनसंच क्षणभर बाहेरच्या बाजूस फाकले असावेत असा तर्क मांडला गेला, पण कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. असले कोडे एका देशाच्या कपाटात बंद राहण्यापेक्षा सर्वांसमोर असलेले बरे.

जुना तुर्भेकर
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण त्यातून हे सारे खुल्या मनाने चालते असा समज होऊ नये. आपला स्वतःचा इतिहास पाहा. १९६९ मध्ये फ्रान्सशी झालेल्या करारानुसार रॅप्सोडी या फ्रेंच अणुभट्टीच्या धर्तीवर कल्पक्कमची एफबीटीआर ही छोटी प्रायोगिक फास्ट ब्रीडर अणुभट्टी उभी राहू लागली आणि आपले अभियंते त्यासाठी कादाराश येथे शिकून आले. १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली आणि मूळ आराखड्यातील इंधनासाठी लागणारे अतिसमृद्ध युरेनियम मिळण्याची वाट बंद झाली. तेव्हा प्लुटोनियम आणि युरेनियम यांच्या कार्बाइडचे मिश्र इंधन वापरायचे ठरले, ज्यात जवळजवळ ७० टक्के प्लुटोनियम कार्बाइड होते. कार्बाइडची भुकटी हवेत पेट घेऊ शकते, म्हणून तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात हे सारे काम निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेट्यांमध्ये, रबरी हातमोज्यांत हात घालून करावे लागले. ऑक्टोबर १९८५ मध्ये एफबीटीआर त्याच इंधनावर प्रथम सुरू झाली. सहकार्य तुटले म्हणून आपण वेगळे इंधन शिकलो, हे खरे; पण त्यापायी किती वर्षे गेली तेही विसरू नये.

२००६ मध्ये अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालू असताना अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी फास्ट ब्रीडर कार्यक्रम तपासणीखाली आणण्यास जाहीर विरोध केला होता, त्याची पार्श्वभूमी हीच आहे. माझ्या मते तो निर्णय योग्य होता, मात्र त्याची किंमत आहे: तपासणीबाहेरच्या अणुभट्टीसाठी परदेशी सुटे भाग किंवा इंधन मिळत नाही. म्हणूनच प्रोटोटाइपचे इंधन तारापूरला तयार होते.

रेणुका_प
आपल्यालाच वेगळे वागवले जाते असे मात्र मानू नये. मित्रदेशांचे प्रकल्पही एकाच्या निर्णयाने कोसळतात. सुपरफिनिक्स या फ्रान्समधील मोठ्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीत फ्रान्सबरोबर इटली आणि जर्मनीच्या वीज कंपन्यांचा पैसा होता. १९९७ मध्ये फ्रेंच सरकारने ती बंद करण्याचे ठरवले आणि विषय संपला. जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी मिळून काल्कार येथे बांधलेली अणुभट्टी तर एकदाही चालली नाही, १९९१ मध्ये प्रकल्प रद्द झाला आणि आज तिथे मनोरंजन उद्यान आहे (शीतक मनोऱ्यात झोपाळे फिरतात, हे खरे आहे!). मोंजू या आपल्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीनंतर जपानने फ्रान्सच्या ॲस्ट्रिड या नियोजित फास्ट अणुभट्टीवर भरवसा ठेवला, तर २०१९ मध्ये फ्रान्सनेच तो प्रकल्प बाजूला ठेवला.

आणि इंधन हाती नसेल तर काय होते, याचे ताजे उदाहरण अमेरिकेतच आहे. वायोमिंगमधील टेरापॉवर कंपनीच्या नेट्रियम या सोडियमने थंड होणाऱ्या फास्ट अणुभट्टीला लागणारे इंधन रशियाकडून यायचे होते. युक्रेन युद्धानंतर तो मार्ग बंद झाला आणि २०२२ च्या अखेरीस कंपनीने किमान दोन वर्षांचा विलंब जाहीर केला.

मृगशीर्ष
सर्वांचे आभार. मग असे म्हणता येईल का, की सुरक्षेची माहिती वाटली जाते आणि इंधनाची राखून ठेवली जाते?

सोडियम११
ढोबळपणे होय. अपवाद अर्थातच आहेत: चीनची सीईएफआर ही प्रायोगिक अणुभट्टी रशियाच्या मदतीने उभी राहून २०१० मध्ये सुरू झाली आणि त्यानंतरच्या सीएफआर-६०० या मोठ्या अणुभट्टीसाठीही रशियाने इंधन पुरवले. परंतु तो दोन देशांमधील व्यवहार आहे, सर्वांसाठी खुला असलेला उपक्रम नव्हे. सुरक्षेची माहिती वाटण्यामागे केवळ औदार्य नसते. मोंजूमध्ये १९९५ साली सोडियमची गळती झाली ती तापमापकाच्या नळीच्या सदोष रचनेमुळे, आणि तशीच नळी आपल्याकडे तर नाही ना, हे सोडियम वापरणाऱ्या प्रत्येक देशाला तपासावे लागले. वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया मात्र थेट प्लुटोनियम वेगळे काढण्याशी जोडलेली असल्यामुळे तिच्याबाबत प्रत्येक जण सावध असतो.

फोरमचे सदस्य नसलो तरी अणुऊर्जा संस्थेच्या इनप्रो या नव्या धर्तीच्या अणुभट्ट्यांविषयीच्या प्रकल्पात आणि फास्ट अणुभट्ट्यांच्या तांत्रिक कार्यगटात भारत आहे. मी वर सांगितलेल्या चाचण्यांचे अहवाल संस्थेच्या टेकडॉक मालिकेत विनामूल्य मिळतात. विद्यार्थ्याला ईबीआर-२ च्या अहवालातील पंप बंद झाल्यानंतरचे तापमानाचे आलेख दाखवा. निरनिराळ्या देशांच्या गणितांच्या रेषा मोजमापापासून कुठे दूर जातात ते त्यात स्पष्ट दिसते.