मदत हवी आहे: जीएफआरपी सळ्यांचा बीम. गणितात काँक्रीट चिरडतंय, प्रत्यक्षात सळई तुटली

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी काचतंतूंच्या (जीएफआरपी) सळ्या घालून तीन बीम ओतले. माप २०० बाय ३०० मिमी, खाली १२ मिमीच्या दोन सळ्या, ८ मिमीच्या रिंगा, कव्हर ३०, म्हणजे प्रभावी खोली २५६. स्पॅन २१००, लोड दोन ठिकाणी, टेकूपासून ७०० मिमीवर. सळ्या ओढून पाहिल्या तेव्हा ताकद सरासरी ८०० एमपीए आणि मोड्युलस (ताणाला ताठरता) ४६ जीपीए आला.

काँक्रीटची सिलिंडर ताकद (नमुना सिलिंडर दाबून मिळणारी) ३० एमपीए धरून एसीआय ४४०च्या (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची एफआरपी सळ्यांसाठीची मार्गदर्शिका) सूत्राने संतुलित प्रमाण, म्हणजे सळई तुटणं आणि काँक्रीट चिरडणं एकाच वेळी होईल इतकं सळ्यांचं प्रमाण, ०.३९ टक्के येतं. माझं ०.४४. म्हणजे काँक्रीट आधी चिरडायला हवं, मोमेंट (वाकवणारा आघूर्ण) ४०.६ किलोन्यूटन-मीटर, लोड साधारण ११६ किलोन्यूटन.

झालं भलतंच. पहिला बीम १२१ ला आणि दुसरा १२५ ला फाडकन गेला. सळईचं टोक झाडूसारखं पिंजलेलं, वरचं काँक्रीट जवळपास शाबूत. तिसरा मात्र १२६ ला वरून चिरडला. शिवाय ६० किलोन्यूटनलाच मध्यभागी ११ मिमी खाली आला होता. भेग न पडलेला, एकजिनसी बीम धरून काढलं तर १ मिमीसुद्धा येत नाही. गाइड म्हणतात सळ्याच खराब. मला पटत नाही. कुठे चुकलो?

प्रतिसाद १
सळ्यांना दोष देण्याआधी एक सांगा, टेस्टच्या दिवशी सिलिंडर फोडले होते का? ३० हा मिक्स डिझाइनचा आकडा दिसतोय.

धागाकर्ता
फोडले होते. सरासरी ३८. पण गणितात ३०च ठेवला, म्हटलं सुरक्षित बाजूला राहू.

प्रतिसाद १
इथेच गोची आहे. स्टीलच्या सवयीने काँक्रीट कमी धरलं की आपण सुरक्षित असं वाटतं. इथे काँक्रीट जितकं दणकट, तितकं संतुलित प्रमाण वर सरकतं. ३८ घालून बघा: ०.४६ टक्के. तुमचं ०.४४ आता त्याच्या खाली गेलं, म्हणजे सळई आधी तुटणार. त्या हिशोबाने मोमेंट ४३.७, लोड १२५. तुमचे तिन्ही आकडे त्याच्या आसपासच आहेत की! सळ्या चांगल्या आहेत, गाइडना नम्रपणे दाखवा.

तिसरा वेगळा का गेला? संतुलनाच्या इतक्या जवळ असताना सळई तुटणार की काँक्रीट चिरडणार, हे सळईच्या ताकदीतल्या थोड्या फरकावर ठरतं. म्हणूनच एसीआय ४४०.१आर संतुलित प्रमाणाच्या १.४ पट गेल्यावरच ताकद कमी धरण्याचा गुणक ०.६५ देतं, सळई तुटणार असेल तर ०.५५, मधल्या पट्ट्यात सरळ रेषेने. या सळईला यील्ड (तुटण्याआधी स्टीलसारखं ताणत जाणं) नसतं, शेवटपर्यंत सरळ रेषा आणि मग तुकडा. त्यामानाने काँक्रीट चिरडणं थोडं सभ्य.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. खाली वाकण्याचं म्हणाल तर ते असंच असतं. स्टीलचा मोड्युलस २०० जीपीए, तुमचा ४६. भेग पडली की तुमच्या सेक्शनचा जडत्व आघूर्ण (वाकण्याला विरोध ठरवणारा आकडा) मूळच्या विसाव्या हिश्शावर येतो. तेवढंच स्टील असतं तर पाचव्या-सहाव्या हिश्शावर थांबला असता. अशा बीमचं डिझाइन बऱ्याचदा ताकदीवर नाही, वाकण्यावर आणि भेगांच्या रुंदीवर ठरतं. आणि डिझाइनला ८०० वापरू नका. सरासरीतून तीन प्रमाण विचलनं (आकड्यांच्या विखुरलेपणाचं माप) वजा करून मिळणारी हमीची ताकद घ्या, वर पर्यावरणाने होणारी घट धरणारा गुणक. सरासरी फक्त टेस्टशी ताळा करायला.

धागाकर्ता
बाप रे, ३० ऐवजी ३८ घातलं आणि आकडे जुळले. पुढचे तीन बीम नक्की चिरडतील असे करायचेत. तिसरी सळई घातली तर?

प्रतिसाद १
०.६६ टक्के होईल, ३८च्या काँक्रीटच्या संतुलित प्रमाणाच्या १.४३ पट. चालेल. दोन सळ्यांमध्ये ४४ मिमी मोकळं राहतं, २० मिमीची खडी आरामात जाईल. फक्त रिंगा आणि शिअर (कातर बल) पुन्हा तपासा, लोड वाढणार आहे.