डीएनए आला म्हणून भाषा निकालात निघत नाही

जुनी माणसं कुठून आली, कोणती भाषा बोलत, हे शोधायला "आता प्राचीन डीएनए मिळतोय, मग भाषाशास्त्राचे अंदाज हवेत कशाला?" असं कुणी विचारतं. वनुआतूचं उदाहरण बघा.

प्रशांत महासागरातल्या या बेटांवर माणूस पोचला साधारण ३००० वर्षांपूर्वी. एफाते बेटावर तेओउमा इथे त्या सुरुवातीच्या पिढ्यांची दफनभूमी सापडली. सोबत दातेरी ठशांची नक्षी असलेली लापिता (या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या संस्कृतीचं नाव) मडकी. तिथल्या तिघांचा डीएनए २०१६ साली प्रसिद्ध झाला. तो तैवानच्या मूळ रहिवाशांच्या जवळचा, पापुआकडचा (म्हणजे न्यू गिनी बाजूचा) अंश जवळपास नाहीच. आजच्या वनुआतूकरांत मात्र पापुआकडचाच वाटा मोठा. म्हणजे माणसं बरीचशी बदलली, पण भाषा? तिथल्या मूळ भाषा शंभराहून जास्त आहेत आणि सगळ्या ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे तैवानकडून पसरलेल्या कुळातल्याच. नवे आले नि त्यांनी जुन्यांची बोली उचलली. नुसत्या जनुकांवरून भाषा ओळखायला गेलेला इथे सपशेल तोंडावर पडेल.

भाषेवरून काळ कसा काढतात, यासाठी चाकाबद्दल थोडं. आपलं 'चक्र', ग्रीक 'कुक्लोस', इंग्रजी 'व्हील' एकाच मुळाचे, आणि चाकाचे पुरावे इ.स.पू. ३५००च्या आसपास दिसू लागतात. म्हणून या सगळ्यांची मूळ इंडो-युरोपीय भाषा त्याच्या फार आधी फुटली नसावी, हा तर्क मला पटतो. पण धातूचा अर्थ नुसता 'फिरणे' आहे आणि हित्ती (प्राचीन तुर्कस्तानातली, याच कुळातली) भाषेत चाकाला वेगळाच शब्द आहे, तेव्हा भांडायला जागा आहेच.